सात पन्नासचा फोन

हेदवी,
४ मार्च २०२४

डॉ. योगिनी घडशी यांस,
सगुणा आरेकर हिचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखणार नाही, आपली भेट झालेली नाही. गेल्या महिन्यात ६ तारखेला सकाळी तुमची रुग्णवाहिका हेदवीला आमच्या वाडीत आली होती. त्या गाडीतून ज्यांना नेलंत ते अनिल आरेकर, माझे यजमान. मी त्या दिवशी रत्नागिरीला होते, बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. निरोप मिळून मी हॉस्पिटलात पोचले तोवर सगळं आटोपलं होतं, आणि तुम्ही गाडी घेऊन परत गेला होतात. तुमचं नाव मी तिथल्या सिस्टरकडून लिहून घेतलं. पत्ता आरोग्य केंद्रात विचारला.

आभार मानायला लिहिते आहे. आमचे धाकूभावोजी, म्हणजे यजमानांचे धाकटे भाऊ, मोटरसायकलने तुमच्या गाडीच्या मागोमाग होते. ते सांगतात, तुम्ही वाटभर एकट्या यांची छाती दाबत होतात. हॉस्पिटलच्या दारात उतरलात तेव्हा तुमच्या हातांना कापरं भरलं होतं, भिंतीला टेकून उभ्या राहिलात. परक्या माणसासाठी एवढं कोण करतं? यजमान तीस वर्षं जहाजावर इंजिनात होते. कधी वादळात, कधी परमुलखात आजारी पडले आणि प्रत्येक वेळी कुणीतरी अनोळखी माणसानेच त्यांना सांभाळलं. शेवटीही तसंच झालं, एवढं समाधान आहे.

तुम्ही भावोजींना म्हणालात की तासभर आधी कळवलं असतं तर हाती काही लागलं असतं. ते वाक्य आमच्या घरातून अजून गेलेलं नाही. त्यात तुमचा दोष नाही. डॉक्टरने खरं तेच सांगावं. घरी त्या वेळी फक्त सून होती, ऋतिका. ती सध्या हर्ण्याला माहेरी गेली आहे, थोडा बदल म्हणून. मुलगा गुरुप्रसाद मुंबईला नोकरीत आहे.

एकच विचारायचं होतं. गाडीत बसवलं तेव्हा हे शुद्धीवर होते असं कळलं. काही बोलले का? आमचं नाव घेतलं असलंच पाहिजे असं नाही. नुसतं काय बोलले ते कळलं तरी चालेल.

आपली,
सगुणा आरेकर
(निवृत्त शिक्षिका)

०

गुहागर,
१३ मार्च २०२४

आदरणीय सगुणाबाई,
सादर नमस्कार.

तुमचं पत्र पाच-सहा दिवस माझ्या बॅगेत आहे. आमच्या नोकरीत असं पत्र येत नाही, त्यामुळे काय लिहावं ते सुचत नव्हतं. मी माझं काम केलं. आभार मानण्यासारखं त्यात काही नाही, हे मी नम्रपणाने म्हणत नाही.

काकांना फार त्रास झाला नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, विशेष असं काही बोलले नाहीत. पाणी मागितलं, मी ओठ ओले केले. जहाजावरची झोपायची फळी आमच्या स्ट्रेचरपेक्षा रुंद असते, एवढं म्हणाले. मग दमले.

हॉस्पिटलात मी जे बोलले ते कृपा करून विसरून जा. त्या क्षणी तोंडातून निघून गेलं. असा झटका आला की तासभर इकडे किंवा तिकडे, काही फरक पडत नाही. सूनबाईंनाही हे सांगा. त्यांच्या हातात काही नव्हतं.

मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे. मला अहोजाहो करू नका.

तुमची,
योगिनी

०

हेदवी,
२ एप्रिल २०२४

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणतेस म्हणून अगं-तुगं करते. फळीचं वाचून मी हसले. कितीतरी दिवसांनी. ते अगदी त्यांचंच बोलणं. स्ट्रेचरवर पडूनसुद्धा मापं काढणारच.

शिमगा झाला. यांना जाऊन वर्ष सरलेलं नसल्यामुळे या वेळी पालखी आमच्या अंगणात थांबली नाही. मी पडवीतूनच हात जोडले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. मागच्या पत्रात मी तुझ्यापासून एक लपवलं. ऋतिका बदल म्हणून गेलेली नाही. तिला आम्ही पाठवलं. खरं म्हणजे मी पाठवलं. तेराव्याला भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले, "डॉक्टरणीनं सोता सांगितलान, तासभर आधी कळवायला हवा व्हता. साडेसहाला दुखायला लागला, हिनं सात पन्नासला फोन केलान. तवर काय करीत व्हती?" ऋतिका म्हणाली, बाबांनीच फोन करू दिला नाही, पित्त आहे म्हणाले. तर गुरुप्रसाद तिला म्हणाला, "मेलेल्या माणसावर ढकलतेस?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी पानं उचलायला आत गेले. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, थोडे दिवस आईकडे जा, इथे सगळ्यांचं डोकं गरम आहे. तिने बॅग भरली. फाटकापर्यंतसुद्धा मी गेले नाही.

तुझं पत्र मी भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आपल्याला बरा वाटावा म्हणून लिवलान तिनं. कागदावर कोण खरा लिवतो?" मला राग आला, पण नंतर मीही तेच मनात आणलं. योगिनी, मी पस्तीस वर्षं वर्गात उभी राहिले. एका मुलाने एकाच गणिताची दोन उत्तरं लिहिली तर मी दोन्हींना बरोबर देत नसे. हॉस्पिटलात तू म्हणालीस, उशीर झाला म्हणून गेले. पत्रात म्हणतेस, उशिराने फरक पडला नाही. यातलं खरं कोणतं? मला बरं वाटण्याची गरज नाही. मला एका पोरीला घरी आणायचं आहे, की नाही आणायचं, हे ठरवायचं आहे.

तुझी,
सगुणाबाई

०

हेदवी,
९ मे २०२४

चि. योगिनी,

महिना उलटून गेला, तुझं उत्तर नाही. कामात असशील. उन्हाळ्यात तुमची गाडी उभी राहत नसेल.

गुरुप्रसाद सुट्टीला आला होता. आंबे उतरवून झाले, छपरावरची कौलं बदलून झाली, पण हर्ण्याला गेला नाही. मी म्हटलं, एकदा बोलून तरी ये. तो म्हणाला, "आई, तिच्याकडे बघितलं की मला घड्याळ दिसतं."

काल ऋतिकाच्या आईचा फोन आला. पोरगी जेवत नाही. फोन हातात घेते आणि त्या दिवशीच्या कॉलची नोंद काढून बघत बसते. सात पन्नास. आईला विचारते, "मी सातलाच केला असता तर?" तिची आई मला म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही काहीतरी सांगा तिला." मी काय सांगू? मलाच माहीत नाही.

तू त्या गाडीत होतीस. तुझ्याशिवाय कुणाला माहीत असेल?

सगुणाबाई

०

गुहागर,
१४ मे २०२४

आदरणीय सगुणाबाई,

दोनदा फोन करायला निघाले होते. फोनवर बोलले असते तर अर्धं बोलून रडले असते, तुम्ही मला समजावलं असतंत आणि उरलेलं अर्धं राहून गेलं असतं. म्हणून लिहिते आहे. शिवाय तुमच्या भावोजींना कागद दाखवता यायला हवा.

आधी ऋतिकाबद्दल. काका गाडीत बोलले. मी तुम्हाला खोटं लिहिलं. मी रक्तदाब घेत होते तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "सुनेला कुणी बोलायचं नाही हां. दोनदा फोन हातात घेतलान तिनं. मीच हिसकावला. म्हटलं, पित्त हाय, उगाच गाव गोळा करू नकोस." हे त्यांचे शब्द आहेत. मग तुमचं नाव घेतलं. "सगुणाला सांगा, डोळ्याचं आटपून सावकाश ये." ऋतिका पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसली होती, तिला हे ऐकू गेलं नाही. ते ऐकणारी मी एकटीच, आणि मी ते तीन महिने कुणाला सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, ते आता लिहिते.

आमच्या गाडीत छातीला शॉक देण्याचं एक मशीन असतं. हृदय थांबण्याआधी बरेचदा नुसतं थरथरतं. त्या वेळी शॉक मिळाला तर ते पुन्हा ठोक्यावर येऊ शकतं. प्रत्येक मिनिट जातं तशी शक्यता कमी होते. रोज सकाळी ड्युटी घेताना एक यादी तपासायची असते, बावीस गोष्टी. त्यात हे मशीन आहे. झाकण उघडायचं, दिवा बघायचा, बॅटरी बघायची, मग खूण करायची आणि खाली सही.

त्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी मी बावीस खुणा केल्या. झाकण उघडलं नाही. त्या दिवशीच नाही, त्याआधीही कित्येक दिवस उघडलं नव्हतं. मशीन क्वचित लागतं. आदल्या दिवशीच्या डॉक्टरची सही असते, तिच्याखाली आपली. चहा येतो. कुणी विचारत नाही. मी सुरुवातीच्या वर्षी रोज उघडायची. मग कधी सोडलं ते आठवत नाही.

सात पन्नासला ऋतिकाचा फोन गेला. आठ वीसला आम्ही तुमच्या अंगणात होतो. काका चालत यायला निघाले होते, मी त्यांना ओरडून झोपवलं. गोळी दिली, ऑक्सिजन लावला. वीस-पंचवीस मिनिटं ते बोलत होते. मग मान कलली. मी गाडी थांबवायला सांगितलं, पट्ट्या चिकटवल्या, बटण दाबलं. काही नाही. दिवा नाही, आवाज नाही. तीनदा दाबलं. आमचे ड्रायव्हर सदूभाऊ मागे आले. त्यांनी मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "शॉक नाय?" मी म्हटलं, "गाडी चालवा." पुढची चाळीस मिनिटं मी छाती दाबली. तुमच्या भावोजींना माझ्या हातांचं कापरं दिसलं ते खरं आहे. ते दमल्यामुळे होतं, आणि भीतीमुळे. नवी बॅटरी आमच्या तळावरच्या कपाटात होती.

हॉस्पिटलात भावोजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "काय झाला डॉक्टर?" एवढंच त्यांनी विचारलं. मला वाटलं, आता हे मशीनचं विचारतील. त्यांनी गाडीच्या काचेतून बघितलं असेल. त्यांनी पुढे काही विचारायच्या आत मी म्हणून टाकलं, तासभर आधी कळवायला हवं होतं. ऋतिका चार पावलांवर उभी होती. तिने ऐकलं. मी तिचा चेहरा बघितला आणि फॉर्म भरायला आत गेले.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो, शॉक दिला का, नसेल तर का नाही. मी लिहिलं, मशीनने शॉकची गरज नाही असं दाखवलं. मशीन बंद होतं, ते काहीच दाखवत नव्हतं. दुपारी तळावर येऊन बॅटरी बदलली.

तुम्ही विचारलंत, खरं उत्तर कोणतं. दोन्ही पुरती खरी नाहीत. उशिराने फरक पडतो. साडेसहाला फोन आला असता तर काकांचं हृदय कदाचित हॉस्पिटलात पोचल्यावर थांबलं असतं आणि तिथे मशीन चालू असतं. मी मार्चमध्ये लिहिलं ते मला बरं वाटावं म्हणून लिहिलं. मला वाटलं, ऋतिकाची सुटका होईल आणि माझंही उघडं पडणार नाही. पण तो उशीर काकांनी केला, ऋतिकाने नाही. आणि त्यानंतरही जी संधी उरली होती ती माझ्याकडे होती. शॉक दिला असता तर ते वाचलेच असते, असं मी म्हणू शकत नाही. वाचले नसते असंही म्हणू शकत नाही. हे कधीच कळणार नाही, ते माझ्यामुळे.

हे पत्र माझ्या सहीचं आहे. ऋतिकाला दाखवा, मुलाला दाखवा. तक्रार करायची असेल तर हे पुरेसं आहे. तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे.

योगिनी घडशी

०

हेदवी,
३ जून २०२४

डॉ. योगिनी घडशी यांस,

तुमचं पत्र १८ तारखेला दुपारी मिळालं. उत्तर आज लिहिते आहे, कारण त्याआधी लिहिलं असतं ते पोस्टात टाकण्यासारखं नव्हतं.

पहिल्यांदा वाचलं आणि घडी करून डब्यात ठेवलं. भात टाकला. भात करपला तेव्हा कळलं की मी चुलीपाशीच बसून आहे. मग पुन्हा वाचलं. मला शॉक, बॅटरी, काही दिसेना. "डोळ्याचं आटपून सावकाश ये." एवढंच दिसत होतं. हे वाक्य माझं होतं. तुम्ही ते तीन महिने तुमच्याकडे ठेवलंत. मी तुम्हाला पत्रातून विचारलं होतं, आणि तुम्ही मला फळीची गंमत सांगितलीत. मी त्यावर हसले. त्याची मला फार लाज वाटते.

संध्याकाळी भावोजींना बोलावलं, पत्र मोठ्याने वाचलं. मधेच ते उठून अंगणात गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "वयनी, मी तेराव्याला काय काय बोललू तिला." मग गुरुप्रसादला फोन लावला आणि फोनवर वाचलं. तो म्हणाला, "तिला कळवलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी निघाले. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ, पुढे एसटीने दापोली, मग हर्णे. ऋतिका मागच्या दारी मासे साफ करत बसली होती. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने हात धुतले आणि तिथेच पायरीवर बसून वाचलं. पहिल्या पानाच्या पुढे ती गेलीच नाही. बोट ठेवून तीच ओळ वाचत होती. मग म्हणाली, "असं म्हणाले बाबा?" मी हो म्हटलं. पत्राची घडी करत तिने विचारलं, "आई, हेच मी सांगितलं होतं. तेव्हा का नाही ऐकलंत?"

तुम्ही खोटं बोललात ते परक्या माणसांशी. मी तिला चार वर्षं ओळखत होते. कुणाच्या तरी एका वाक्यावर मी तिला घराबाहेर काढलं, हे तुमच्या खात्यात टाकता येणार नाही. ते माझं आहे. ती माझ्याबरोबर आली नाही.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलंत, तुम्ही ठरवाल ते मान्य आहे. हे मला आवडलं नाही. त्या दिवशी तुम्ही तुमचं ओझं सुनेवर टाकलंत, आता ठरवायचं ओझं माझ्यावर टाकता. तक्रार मी का करायची? यादीवर सही तुमची, फॉर्मवर अक्षर तुमचं. तुम्ही जाऊन सांगा. पंधरा दिवस थांबते. त्यानंतर पत्राची प्रत मी पाठवीन, पण तसं झालं तर तुमच्याबद्दल मला जे थोडं काही वाटतं आहे तेही उरणार नाही.

आज त्या गाडीत कुणीतरी दुसरं झोपलेलं असेल. मशीन उघडून बघितलंत का?

सगुणा आरेकर

०

संगमेश्वर,
२० ऑगस्ट २०२४

आदरणीय सगुणाबाई,

तुमचं पत्र मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी मी जिल्ह्याच्या कार्यालयात गेले आणि सगळं लिहून दिलं. तुम्हाला जबाबासाठी पत्र आलं तेव्हा कळलंच असेल. उत्तर लिहायला उशीर केला, कारण निकालाआधी लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं की मी तुमची शिफारस मागते आहे.

तिथले वरिष्ठ आधी म्हणाले, "कुणी तक्रार केलीय का? मग कशाला उकरून काढताय?" मी म्हटलं, फॉर्ममध्ये मी खोटं लिहिलंय, तो फॉर्म बदलायचा आहे. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मग नीट ऐकलं. पुढे चौकशी झाली. सगळ्या गाड्या तपासल्या. आणखी किती मशीनं बंद निघाली ते मला सांगितलेलं नाही, पण एका मैत्रिणीचा फोन आला. ती म्हणाली, "तुझ्यामुळे आमची पण झाकणं उघडावी लागली." रागाने म्हणाली.

सदूभाऊंनाही बोलावलं. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती. ते तीन वर्षं माझ्या गाडीवर आहेत. माझ्यासाठी डबा आणतात. मी त्यांना कधी गप्प राहा असं म्हटलं नव्हतं, पण सांगाही म्हटलं नव्हतं. त्यांनी जबाबात सांगितलं, "नवी बॅटरी कपाटातून मीच काढून दिली. मना म्हायती व्हता. बाई चांगल्या हायत म्हणून बोललू नाय." बाहेर आल्यावर मी माफी मागितली. ते म्हणाले, "गाडी धुताना त्या मशीनवरून फडका फिरवायचू तवा हात अडखळायचा. बरा झाला." त्यांना ताकीद मिळाली. त्यांच्या सोळा वर्षांच्या नोकरीतली ती पहिली. ती माझ्यामुळे.

मला तीन महिने कामावरून दूर ठेवलं आहे. फॉर्म दुरुस्त केला. माझ्या नावावरची नोंद कायम राहील. मला वाटलं होतं शिक्षा झाली की हलकं वाटेल. नाही वाटत. आईने विचारलं, घरी का आहेस, आणि मी तिला सगळं सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी फार गोड बोलते. ते सहन होत नाही.

आता सप्टेंबरच्या मध्यापासून मला परत घ्यायला तयार आहेत. डॉक्टर मिळत नाहीत, हे त्याचं कारण. इकडे माझ्या मामांचा संगमेश्वर बाजारात दवाखाना आहे. ते म्हणतात, ये आणि बस, सर्दी-खोकल्याला कोण मरत नाही. मी दोन वेळा हो म्हणायला गेले आणि परत आले.

ठरवायचं ओझं तुमच्यावर पुन्हा टाकते आहे असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. ठरवीन मीच. पण त्या घरातलं माणूस म्हणून तुम्हाला विचारायचं आहे. मी परत त्या गाडीत बसावं का? माफी मागायचं धाडस मी करत नाही.

ऋतिका कशी आहे?

योगिनी

०

हेदवी,
१ सप्टेंबर २०२४

डॉ. योगिनी,

जबाबाला मी गेले होते. तुमचं पत्र त्यांच्या फायलीत पाहिलं. तुमच्या हातचा नवा फॉर्मही त्यांनी दाखवला. "मशीन बंद होते. सकाळी तपासले नव्हते." दोन ओळी. मी वाचून परत दिला.

ऋतिका बरी आहे. ती हेदवीला आलेली नाही, येणारही नाही असं दिसतं. दापोलीला एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी धरलीन. खोली घेतलीन. गुरुप्रसाद शनिवारी मुंबईहून तिकडे जातो. पहिले दोन शनिवार तिने दार उघडलं, चहा दिला आणि स्वतः कामावर निघून गेली. तिसऱ्या शनिवारी जेवायला वाढलंन. पुढचं त्या दोघांचं. मी पंधरा दिवसांनी एकदा फेरीने जाऊन येते. ती मला आई म्हणते, पण आधीसारखी भांडत नाही. ती भांडेल तेव्हा मला बरं वाटेल.

जुलैमध्ये भावोजी माझ्याबरोबर आले होते. दारातच उभे राहिले, चपला काढायला तयार नव्हते. म्हणाले, "पोरी, मी चुकलू. चारचौघात बोललू, आता चारचौघात सांगीन." आणि सांगितलंन, वाडीची बैठक भरली तेव्हा, उभं राहून. तुमच्या पत्रातली यांची वाक्यं मला वाचायला लावलीन. बायका रडल्या. मी रडले नाही, मला ती पाठ झाली आहेत.

तुम्हाला काय लिहू म्हणून मी ऋतिकाला विचारलं. ती म्हणाली, "माझ्याकडून काही लिहू नका." म्हणून तिच्याकडून काही लिहीत नाही.

माफीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. माफ केलेलं नाही. प्रयत्न केला. कधी दुपारी वाटतं झालं म्हणून, आणि मग यांचा सदरा दिसतो दोरीवर टाकलेला, मीच धुऊन टाकलेला असतो, अजून धुते मी, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. अजून किती वर्षं जातील कुणास ठाऊक. तुम्ही त्याची वाट बघू नका.

पण तुम्ही विचारलंत ते वेगळं आहे, त्याला मी उत्तर देऊ शकते. सहा महिने मी या गोष्टीचा विचार करते आहे. हॉस्पिटल इथून तासाभराच्या वाटेवर. माझं वय बासष्ट, घरात मी एकटी. उद्या माझ्या छातीत दुखलं तर मलाही फोन करावा लागेल आणि कुणाची तरी गाडी येईल. त्या गाडीत कोण असावं, याचा मी पुष्कळ विचार केला. जिने कधी चूक केलेली नाही अशी डॉक्टर मला कुणी दाखवली तर मी तिला विचारीन, तू झाकण उघडून बघितलंस का? ती हो म्हणेल. तो हो खरा की सवयीचा, ते मला कळणार नाही. तुम्ही हो म्हणालात तर कळेल.

तुमची गाडी आली तर मी तिच्यात बसेन. याच्यापुढे मला लिहिता येत नाही.

सगुणा आरेकर